गाडीखालची परात

कासारवाडी,
ता. २३ फेब्रुवारी १९७९

आदरणीय व्याही श्री. अण्णासाहेब रणपिसे यांना कासारवाडीहून उद्धव ओव्हाळ याचा सप्रेम जयभीम. विहीणबाई प्रभावतीबाईंनाही आम्हा उभयतांचा जयभीम सांगावा.

आपला गुडघा आता कसा आहे? (डावा की उजवा ते मला नक्की माहीत नाही. आमचे जावई सुरेंद्रराव एकदा डावा म्हणाले, एकदा उजवा. म्हणून दोन्हींची चौकशी करतो.) विहीणबाईंची दाढ काढली, की अजून लवंगेवरच भागतंय? इथे सगळे खुशाल. शैलाची तब्येत चांगली सुधारली आहे. आपला नातू सुमेध तर फारच खुशाल. तो आता कुशीवर वळतो, पण पालथा होताना एक हात पोटाखाली अडकतो आणि त्या हाताचं पुढे काय करायचं ते त्याला उमगत नाही. मग तो आमच्याकडे अशा नजरेने बघतो की तो हात आम्हीच तिथे ठेवला असावा. मी रोज कामावरून आलो की चपला काढायच्या आधी विचारतो, हात सुटला का. अजून नाही.

आपलं पत्र सोमवारी मिळालं. ‘गाडी सुनेला आणण्यासाठी पाठवली होती, गाडीने स्वतः माहेरपण करावं म्हणून नव्हे’ हे आपलं वाक्य मी दोनदा वाचलं आणि शैलाच्या आईला एकदा वाचून दाखवलं. आपला राग रास्त आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तीन महिने झाले की सासरच्या माणसांनी येऊन मायलेकरांना घेऊन जायचं, असं आपलं समोरासमोर बसून ठरलं होतं. ठरल्याप्रमाणे सुरेंद्रराव आपली गाडी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. त्याला आता तीन आठवडे होऊन गेले. सुरेंद्ररावांची शाळा असल्यामुळे ते एसटीने परत गेले आणि गाडी, शैला व सुमेध मागे राहिले. आपण उभयतांनी नातू पाहिला तो नाव ठेवायच्या दिवशी, आणि त्या दिवशी तो सकाळपासून झोपलेला होता. तेव्हा हा उशीर का झाला याचा संपूर्ण खुलासा करणं मला भाग आहे. खुलासा जरा लांबेल, गुडघा (जो असेल तो) पसरून सावकाश वाचावा.

निघायच्या दिवशी आमच्याकडून कसलीही कसूर झालेली नव्हती. ट्रंक टपावर बांधून झाली होती. डिंकाच्या लाडवांचा डबा, दुपट्यांचं गाठोडं, सगळं आत गेलं होतं. शैला सुमेधला मांडीवर घेऊन मागे बसली होती. शैलाची आई दारात उभी राहून रडायच्या बेतात होती (म्हणजे पदर हातात आला होता, डोळ्यापर्यंत पोचायचा होता). सुरेंद्ररावांनी गाडी सुरू करून हातभर पुढे घेतली आणि आमचे शेजारी साहेबराव ओरडले, “थांबा!” हे साहेबराव आमच्याच कंपनीत इन्स्पेक्शनला आहेत. तयार मालात काय बिघडलं आहे ते शोधण्याचा त्यांना पगार मिळतो, आणि सुटीच्या दिवशी तेच काम ते गल्लीत विनावेतन करतात. (आमच्या पट्ट्यात विजेच्या टंचाईमुळे सुटी गुरुवारी असते, आणि तो गुरुवारच होता.) गाडी जिथे उभी होती तिथे फरशीवर भाकरीएवढा तेलाचा डाग होता. साहेबराव उकिडवे बसले, डागात बोट बुडवलं, वास घेतला आणि गाडी रिजेक्ट म्हणून सांगितलं. मागच्या गोळ्यातून तेल गळतंय, संगमनेरपर्यंत वाटेत घाट आहेत, गोळा कोरडा पडला तर चाकं जाम होतील आणि तान्हं लेकरू भर उन्हात रस्त्यावर. असं ऐकल्यावर कुठला आजोबा गाडी सोडू देईल? ट्रंक खाली उतरली. शैलाच्या आईने पदर खोचला आणि जाऊन भात टाकला.

आता हा गोळा म्हणजे काय ते सांगतो, कारण ते मला या निमित्ताने कळलं आणि कळल्यापासून दुसरं काही सुचत नाही. मोटारीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध, आसावर, लहान कलिंगडाएवढा एक लोखंडी गोळा असतो. इंजिनाकडून येणारा लांब दांडा त्यात पुढून शिरतो आणि दोन्ही बाजूंची चाकं फिरवतो. मेकॅनिक लोक त्याला डिफरन्शियल म्हणतात. दांडा जिथून आत शिरतो तिथून तेल बाहेर येऊ नये म्हणून एक रबरी कडं बसवलेलं असतं, तेच ऑइल सील. ते चोपन्न सालापासून तेलात बसून बसून कडक झालं होतं, एवढाच काय तो बिघाड. पण अण्णासाहेब, मी कंपनीत इतकी वर्षं डिस्पॅचला आहे. आमच्याकडे दातेरी चाकं बनतात. ती माझ्यापर्यंत येतात तेव्हा त्यांना तेलकट कागदात गुंडाळायचं, भुसा भरून खोक्यात बसवायचं, वर फळी ठोकायची आणि ‘ही बाजू वर’ असा शिक्का मारायचा, इतकाच माझा त्यांच्याशी संबंध. मद्रासला पाठवली, कानपूरला पाठवली, जमशेदपूरला पाठवली. तिथे जाऊन ती कुठे बसतात आणि काय करतात हे मला कुणी कधी सांगितलं नाही. शैला लहान असताना विचारायची, बाबा, तुमच्या कंपनीत तुम्ही काय बनवता? मी म्हणायचो, खोकी. त्यामुळे आपल्या गाडीच्या त्या गोळ्यात तसलीच चाकं आहेत असं साहेबरावांनी सांगितलं तेव्हा सीलपेक्षा मला गोळ्याचंच कुतूहल जास्त वाटू लागलं, आणि उशीर व्हायला तिथून सुरुवात झाली.

जुनं सील निघाल्यावर (ते कसं निघालं ते पुढे येतंच) नवं आणायला मी पुण्याला नाना पेठेत गेलो. जुनं सील नमुन्यादाखल कागदात गुंडाळून, सुतळीची आडवी-उभी गाठ मारून नेलं होतं (हाताची सवय). पहिल्या दुकानदाराला ती गाठ सुटेना, तेव्हा त्याने आत काय आहे ते न बघताच नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्याने गाडीचं साल विचारलं. मी चोपन्न म्हणालो, तर त्याने मला बसायला स्टूल दिलं आणि पाणी मागवलं. तिसऱ्याकडे सील मिळालं. त्याने बजावलं, की या कड्याला एक बाजू ओठासारखी आहे, तो ओठ तेलाकडे, म्हणजे आत गेला पाहिजे. उलटं बसवलंत तर तेल अडणार नाही, उलट वाट धरील. मी त्याच्याकडून पेन्सिल मागून सीलच्या डब्यावर बाण काढला आणि ‘ही बाजू आत’ असं लिहून घेतलं. दुकानदार म्हणाला, इतक्या वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नाही. मी ते कौतुक समजून आलो.

सील काढून बसवायचं काम घेतलं होतं जयसिंगने. हा आमच्याच गल्लीतला, कंपनीत असेंब्लीला फिटर आहे. माणूस मदतीला धावणारा, पण स्वतःच्या हातांचा त्याला भलता अभिमान आहे. बोलताना ते दोन्ही हात तो समोरच्याला दिसतील असे धरतो. त्याची या पंधरवड्यात दुसरी पाळी, साहेबरावांची पहिली. त्यामुळे आपल्या गाडीचं कामही दोन पाळ्यांत चाललं: सकाळी जयसिंग, दुपारी भोंगा झाल्यावर साहेबराव. पहिल्या दिवशी (मी रजा टाकली होती) जयसिंगने गाडीची मागची बाजू जॅकवर उचलली, खाली ठोकळे लावले आणि तेल काढायला लागला. तेव्हा मी सहज सुचवलं, की गोळ्याचं मागचं झाकण उघडलं तर तेल लवकर निघेल. (लवकर निघालं नसतं. मला आत बघायचं होतं.) त्याने झाकण उघडलं आणि मी मान घालून पाहिलं. तेलात न्हालेलं एक मोठं दातेरी चाक, त्याच्या पोटात चार लहान. अगदी आमच्याचसारखी. इतकी वर्षं मी त्यांना कागदात झोपवलं होतं, जागेपणी पहिल्यांदाच पाहत होतो.

जयसिंग म्हणाला, उद्धवराव, ते एक चाक हाताने फिरवा. मी डावं चाक पुढे फिरवलं, तर उजवं मागे फिरायला लागलं! मी थांबलो, तेही थांबलं. मी उलटं फिरवलं, ते सुलटं. आता एकाच आसावरची दोन चाकं अशी परस्परविरुद्ध वागतात हे आपल्याला ठाऊक होतं का? आपण इतकी वर्षं ती गाडी चालवताय म्हणून विचारतो. मग जयसिंगने सांगितलं, की गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त धावावं लागतं आणि आतल्याला कमी, आणि दोघांना एकाच इंजिनाने ओढायचं म्हणून ही चार लहान चाकं मध्ये बसून समजूत घालतात. मला खळ्यातली मळणी आठवली. मधल्या तिवड्याच्या खांबाजवळचा बैल पाय घासत चालतो, आणि कडेचा बिचारा पळत असतो, तरी दावं एकच. हे त्या लहान चाकांनी साधायचं! मी ते चाक किती वेळ फिरवत बसलो ते सांगत नाही. शैला सुमेधला घेऊन बाहेर आली. त्याने ते चाक फिरताना पाहिलं, मग दुसरं उलटं फिरताना पाहिलं, आणि तो हसला. नेहमी गालात हसतो तसं नव्हे. आवाज काढून, अंग घुसळून, खदखदून. तोपर्यंत तो असा हसलाच नव्हता. आम्ही सगळे काम टाकून चाक फिरवत राहिलो आणि तो हसत राहिला. आपण तिथे असायला हवे होतात.

(झाकण परत लावताना त्याच्या कडेचा कागदी पॅकिंगचा पट्टा फाटला. तसला मिळेना. तेव्हा मी डिस्पॅचच्या रद्दीतला जाड कागद आणून कात्रीने कापून बसवला. मापात चोख बसला आहे. त्यावर ‘सांभाळून हाताळा’ असं छापलेलं आहे आणि ते आता आपल्या गाडीच्या पोटात आहे, याची नोंद असावी.)

यानंतर जे घडलं ते फक्त कंपनीच्या माणसांकडूनच घडू शकतं. सील काढायचं तर दांड्यावरचा मोठा नट सोडावा लागतो, आणि परत लावताना तो पूर्वी होता नेमका तितकाच आवळावा लागतो. कमी झाला तर दांडा खेळतो, जास्त झाला तर आतले बेअरिंग भरडून निघतात. म्हणून जयसिंगने सोडायच्या आधी नटावर आणि दांड्यावर मिळून खडूची एक सरळ रेघ ओढली होती. ती रेघ जुळली की नट जागेवर. नट सोडला, जुनं सील काढलं, आणि त्याची पाळीची वेळ झाली म्हणून तो कामावर गेला. दुपारी साहेबराव आले. कंपनीत न धुतलेला तुकडा साहेबरावांच्या टेबलावर ठेवला तर ते त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. त्यांनी आल्या आल्या रॉकेल मागितलं, नट धुतला, दांड्याचं टोक धुतलं, कॉटन वेस्टने पुसून लखलखीत केलं आणि सगळे भाग वर्तमानपत्रावर एका ओळीत मांडून ठेवले. इतकं देखणं काम होतं की मी शैलाच्या आईला बोलावून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी जयसिंग आला, वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

“राव, हितली रेघ कुठाय?”

ती रेघ रॉकेलमध्ये गेली होती. संध्याकाळी साहेबरावांना विचारलं, तर ते म्हणाले, “रेघ कसली? घाण होती, काढली.” हे मी जयसिंगला कळवलं. त्यावर जयसिंग जे म्हणाला ते मी साहेबरावांना अर्धंच कळवलं. तिथून पुढे त्या दोघांनी बोलणं टाकलं. पाळ्या वेगळ्या असल्याने त्यांची तशीही गाठ पडत नव्हती, पण न बोलण्याचे निरोप पोचवायचं काम माझ्याकडे आलं (शेवटी खातं डिस्पॅचचंच). साहेबरावांचं म्हणणं पडलं, की अंदाजाने नट आवळणं अशास्त्रीय आहे, माप घेतलं पाहिजे. त्यांनी कुठून तरी ताणकाटा आणला, दांड्याला दोरी गुंडाळली आणि तो किती जोर लावल्यावर फिरतो ते काट्यावर वाचलं. आकडा फार सुबक आला. पण खोलण्यापूर्वी किती होता ते कुणीच मोजलेलं नसल्यामुळे त्या आकड्याचा उपयोग कुणाला सांगता येईना. मग त्याच काट्याला झोळी बांधून आम्ही सुमेधचं वजन केलं. ते चांगलं भरलं.

अखेर जयसिंगने हाताच्या अंदाजाने नट आवळला, नवं तेल भरलं आणि गाडी मोशीपर्यंत नेऊन आणली. गाडी जाताना गोळा गुणगुणत होता, येताना ओरडत होता, आणि हात लावला तर चटका बसत होता. नट जास्त झाला होता. तो किंचित सैल केला. मग गुणगुण गेली, गाडी गुळगुळीत चालायला लागली, जयसिंगने दोन्ही हात सगळ्यांना दाखवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर परत डाग! लहान होता, पण डागच. नवंकोरं सील, ओठ आत, तरी तेल बाहेर. जयसिंग नाना पेठेला शिव्या देऊ लागला, साहेबराव जयसिंगला. गल्लीत सगळे खट्टू झाले (बहुतेक सगळे).

याचं उत्तर मला सापडलं, हे मी नम्रपणे नमूद करतो. गाडीखाली पडल्या पडल्या (मी आता रोज कामाला जायच्या आधी जरा वेळ गाडीखाली पडतो, बरं वाटतं) मला आसाच्या वरच्या अंगाला चिखलाचा एक फोड दिसला. खरवडला तर खाली करंगळीच्या नखाएवढी टोपी, आणि तिला एक भोक, चिखलाने गच्च बुजलेलं. आता हे भोक कशाला? ते मला लगेच कळलं. आम्ही लांबच्या मालाची पेटी बांधतो तेव्हा तिला दोन भोकं ठेवतो. पेटी पूर्ण बंद केली तर आत हवा कोंडते, कागदाला घाम सुटतो आणि माल गंजतो. गोळ्याचंही तसंच असणार. गाडी चालली की तेल तापतं, हवा फुगते, आणि तिला भोकातून जाता आलं नाही तर ती सीलमधून तेलाला ढकलत बाहेर निघते. मी टाचणीने भोक मोकळं केलं. त्यातून फुस्स असा आवाज आला, आणि तो ऐकून मला जो आनंद झाला तो कंपनीत मला कधी झाला नव्हता. आपल्याकडच्या रस्त्याचा तो चिखल मी पुडीत बांधून ठेवला आहे, पाहिजे असल्यास पाठवतो.

आता आपण म्हणाल, मग गाडी का आली नाही? अडचण अशी आहे. खात्री करून घ्यावी म्हणून साहेबरावांनी गाडीखाली परात ठेवायला सांगितली. रात्रभर परात कोरडी राहिली तर गाडी पास. गेले दहा-बारा दिवस आम्ही रोज संध्याकाळी परात पुसून ठेवतो, आणि रोज सकाळी तीत तेलाचे थेंब असतात. फार नाहीत, पण असतात. जयसिंग म्हणतो, सील उत्तम आहे, हे कुठून येतंय ते त्याला कळत नाही. साहेबरावांनी थेंब बोटांत चोळून पाहिले आणि जाहीर केलं, की हे दोन वेगळ्या प्रतींचं तेल आहे: एक दाट, काळपट, आणि एक पातळ, पिवळसर. गोळ्यात आपण एकच तेल भरलंय, मग हे दुसरं आलं कुठून? त्या दाट तेलाचं मला काही वाटलं नाही, पण या पातळ तेलाने मला खरोखर कोड्यात टाकलं आहे. आसावर दुसरं एखादं छुपं भांडं आहे का, तेही पालथं पडून पाहिलं. नाही. जोवर परातीत थेंब आहे तोवर साहेबराव गाडी पास करणार नाहीत, आणि पास न झालेल्या गाडीत मायलेकरांना बसवायला माझं मन घेत नाही. तेव्हा आपण आणखी थोडा धीर धरावा. चौदा एप्रिलला जयंतीसाठी आपण उभयतांनी इकडेच यावं. तोपर्यंत गाडी नक्की कोरडी होईल आणि सगळे मिळून सावकाश जाल.

विहीणबाईंनी दाढेकडे दुर्लक्ष करू नये. आपला लोभ आहे, त्याला तरी गळती लागू नये.

आपला नम्र,
उद्धव ओव्हाळ

ता. क. पाकीट बंद करण्यापूर्वी पत्र परत वाचलं. आपण मामलेदार कचेरीत जन्मभर लोकांच्या सबबी वाचल्या आहेत, तेव्हा आपल्याला ही पहिल्या पानावरच कळली असणार. गाडी कोरडी आहे. ते भोक मोकळं केल्यापासून तिने एक थेंब गाळलेला नाही. परातीतले दाट थेंब माझे. दिवेलागणीला कुणी नसताना डब्यात उरलेल्या गोळ्याच्या तेलाचे चार थेंब मी टाकतो. काय करणार? ज्यांच्या घरी दिवस बघतात त्यांचं बरं असतं. शेजारच्या शालनबाईंची लेक अमावास्या आली म्हणून राहिली, मग वार चुकीचा म्हणून राहिली, मग कुणाला तरी आडवं मांजर गेलं म्हणून राहिली, आणि जावयाला तोंड उघडता आलं नाही. आपण ती सगळी खाती छप्पन्न सालीच बंद केली. त्याचं मला दुःख नाही, आनंदच आहे. पण मग मुलीच्या बापाने सबब आणायची कुठून? माझ्या हाती ऑइल सील आलं.

ता. क. दुसरं. वरचं लिहून झाल्यावर मी गप्प बसायला हवं होतं, पण ते पातळ तेल मला बसू देईना, कारण ते माझं नव्हे. म्हणून मी परात उचलून नाकाशी धरली. वेखंड घालून कढवलेलं तिळाचं तेल! आमच्या घरात त्या वासाचं तेल एकाच जिवाच्या अंगाला लागतं. मी परात घेऊन तसाच चुलीपाशी गेलो. शैलाच्या आईने परातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भाकरी थापत म्हणाली, “व्हय, मीच. नातू काय तुमचा एकट्याचा हाय?” ती पहाटे टाकत होती, मी संध्याकाळी. माझे थेंब ती गाडीचे समजत होती, आणि गाडी मधेच बरी झाली तर काय, या काळजीने त्यात आपली भर घालत होती. आम्ही दोघं इतके हसलो की शैला धावत आली. तिला सांगितलं. तीही हसली, आणि मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. पण अण्णासाहेब, ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. शैलाची आई स्वतःबद्दल बोलत होती. मला मात्र आपण दोघं दिसलात. सुमेध हसतो कसा, ते आपल्याला माहीत नाही. आणि ते आपल्याला माहीत नसण्याचं कारण रोज चार थेंब टाकणारा मी आहे. याचं मला फार वाईट वाटलं. सुरेंद्ररावांना येत्या बुधवारी रात्री पोचतील असं पाठवा. गुरुवारी सकाळी सगळे निघतील. ट्रंक मीच बांधीन, सुटणार नाही.

ता. क. तिसरं, आणि खरं पत्र एवढंच समजावं. गोळ्यातलं तेल वरचेवर बघावं लागतं, भोकात चिखल साचतो तो टाचणीने काढावा लागतो. हे संगमनेरच्या कुणा मेकॅनिककडून करून घेऊ नये. त्यांना आमच्याइतका वेळ नसतो. दर दोन महिन्यांनी गाडी कासारवाडीला पाठवत जा. मागच्या सीटवर शैला आणि सुमेध बसलेले असावेत. गळत नसली तरी पाठवा.